नळाच्या वाटेने तलावांकडे

भिवंडी हे नाव निघाले की ऐकणाऱ्याच्या कानांत प्रथम यंत्रमागांचा खडखडाट घुमू लागतो, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु मागांच्या या शहराला एक जुना जलाशयही आहे. कामतघरच्या बाजूस वऱ्हाळा देवीचे देऊळ आहे व त्या देवळाच्या पायथ्याशी तिच्याच नावाचा तलाव आहे. या तलावाने भिवंडीला पिढ्यान्‌पिढ्या पाणी पाजले, आणि शहराच्या पाण्यातील अल्पसा वाटा तो अजूनही उचलतो. अशा तलावाचे एक वैशिष्ट्य असते. ज्याने त्याचे पाणी प्यावयाचे त्याच्या डोळ्यांसमोर तो नित्य असतो. पाऊस चांगला झाला की तलाव भरलेला दिसतो, फाल्गुन-चैत्रात पाणी खाली जाऊ लागले की काठावरचा चिखल उघडा पडतो. आणि उद्याची चिंता कोणी न सांगता घराघरांत पोचते.

याच भिवंडी तालुक्यातून दुसरेही पाणी वाहते, ते मात्र कोणाच्या डोळ्यांस दिसत नाही. माणसाच्या उंचीचे आणि त्याहूनही मोठे असे प्रचंड नळ भातखाचरांच्या कडेने, गोदामांच्या पाठीमागून, ओढ्यानाल्यांवरील कमानींवरून रांगेने जाताना दिसतात. त्यांत मुंबईचे पाणी आहे. मुंबईतील गृहिणी सकाळी नळाची तोटी फिरविते त्या वेळी तिच्या तांब्यात पडणारे पाणी बहुधा या तालुक्याची भूमी ओलांडून आलेले असते. नळाच्या एका टोकास, मुंबईच्या दाराशी, संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्यात विहार व तुळशी हे तलाव आहेत. दुसऱ्या टोकास, शहापूर तालुक्यात, तानसा अभयारण्य आहे आणि त्यात तानसा व मोडकसागर हे जलाशय आहेत. दोन्ही टोकांस अरण्य, आणि दोन्ही अरण्यांत मनुष्याने बांधलेली सरोवरे, हा योग आकस्मिक नाही. तो कसा जुळून आला हे पाहावयाचे असेल तर भिवंडीसारखे मध्यवर्ती ठिकाण नाही, आणि सायकलीसारखे वाहन नाही.

सायकलीचा महिमा मुंबईकरांस नवीन नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रदक्षिणेस मुंबईहून बाहेर पडले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे इराण, युरोप, अमेरिका, जपान असे सुमारे ४४,००० मैलांचे अंतर तोडून १९२८ च्या मार्च महिन्यात परत आले. त्यांनी जग पाहिले. त्या मानाने भिवंडीहून तलावांकडे जाणाऱ्या सायकलस्वाराचा पल्ला अगदीच किरकोळ; तो फक्त एका तांब्याभर पाण्याचा उगम पाहून येतो. परंतु या लहान प्रवासात सायकलीला एक गुण विशेष उपयोगी पडतो. मोटारीत बसलेल्या मनुष्यास रस्ता चढतो आहे की उतरतो आहे याचा पत्ता नसतो. सायकलस्वाराच्या गुडघ्यांना तो तत्काळ लागतो. आणि मुंबईच्या पाण्याचा सारा इतिहास हा मुख्यतः चढ-उताराचा इतिहास आहे.

प्रथम जुन्या टोकाकडे वळणे योग्य. भिवंडीहून आग्रा रस्त्याने अंजूर फाटा, काल्हेर, कशेळी अशी गावे मागे टाकली की उल्हास नदीची खाडी आडवी येते. मुंबईचे नळही याच बाजूस खाडी ओलांडून ठाण्याकडे जातात. ठाण्याहून घोडबंदरच्या रस्त्याने डोंगराला वळसा घातला की बोरिवलीचे प्रवेशद्वार येते. हे राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे आहे. एवढ्या मोठ्या महानगराच्या अंगणात एवढे अरण्य असणे हे जगात विरळा. ज्याच्याजवळ स्वतःची सायकल नसेल त्यास ती दाराशीच भाड्याने मिळते. तेथून कान्हेरीपर्यंत सहा-सात किलोमीटरांचा रस्ता झाडीतून जातो. साग, कळंब, करंज, पांगारा आणि बांबूची बेटे यांतून तो वळणे घेत चढत असतो, आणि शेवटच्या टप्प्यात नवख्या स्वारास खाली उतरून सायकल हाताने लोटावी लागते.

कान्हेरीचा डोंगर चढून गेल्यावर लेण्यांतील मूर्तींकडे सर्वांचेच लक्ष जाते, पण पाण्याच्या शोधात निघालेल्याने लेण्यांच्या दाराशी खोदलेली टाकी पाहावीत. बौद्ध भिक्षूंनी ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास येथे वस्तीस आरंभ केला आणि पुढे सुमारे हजार वर्षे ती टिकली. शंभराहून अधिक लेण्यांच्या या विहाराला नदी नव्हती की विहीर नव्हती. पावसाचे पाणी खडकात कोरलेल्या चरांतून खाली आणावयाचे, टाक्यात साठवावयाचे आणि आठ महिने पुरवावयाचे, ही त्यांची योजना. शिलालेखांत या टाक्यास ‘पोढी’ असा शब्द येतो, आणि पोढी खोदवून देणारे दाते पुष्कळदा कल्याण, सोपारा येथील व्यापारी असल्याचे आढळते. कल्याण म्हणजे भिवंडीचे शेजारचे गाव. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही खाडीपलीकडची माणसे या डोंगरावरील पाण्यासाठी द्रव्य देत होती. त्यांच्या दानाचा लेख दगडावर आहे, आणि पाणी पिणाऱ्यास तो पिता पिता वाचता येत असे.

कान्हेरीच्या माथ्यावरून पूर्वेस व दक्षिणेस दृष्टी टाकली तर हिरव्या डोंगरांच्या कुशीत तुळशी व विहार हे दोन जलाशय दिसतात. हे दृश्य इतके स्वाभाविक वाटते की परशुरामाने समुद्र हटविला त्याच वेळी हेही निर्माण केले असावेत असा भास व्हावा. वास्तविक त्यांतील थोरल्याचे वय १८६० पासून मोजावयाचे. त्यापूर्वीची मुंबई विहिरींवर आणि गावतळ्यांवर जगत होती. धोबीतलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, बाबुला टँक ही नावे मुंबईकरांच्या तोंडी आजही आहेत. तळी मात्र बुजून गेली. त्यांपैकी धोबीतलावाचा जीर्णोद्धार १८३९ मध्ये फ्रामजी कावसजी बानाजी या पारशी धनिकाने स्वखर्चाने केला होता. तळे बांधणे, विहीर खोदविणे हे पुण्यकर्म होते, आणि त्या पुण्यावरच शहराची तहान भागत असे.

पण शहर पुण्याच्या वेगापेक्षा अधिक वेगाने वाढले. १८४५ मध्ये पाण्याच्या टंचाईबद्दल लोकांनी तक्रारी केल्या तेव्हा सरकारने चौकशीसाठी समिती नेमली. १८५४ च्या दुष्काळी उन्हाळ्यात तर होड्यांतून व नुकत्याच सुरू झालेल्या आगगाडीतून पाणी आणून ते शहरातील विहिरींत ओतण्याची पाळी आली. विहिरीने गावास पाणी द्यावे हा सृष्टिक्रम. गावाने विहिरीस पाणी द्यावे हा उलटा प्रकार त्या वर्षी घडला. त्याच साली हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याने आपला अहवाल सादर केला. साष्टीच्या डोंगरांत मिठी नदीच्या उगमाजवळ विहार गावाचे खोरे आहे. त्याच्या तोंडाशी मातीचे बांध घालून पावसाचे पाणी अडवावे आणि लोखंडी नळाने ते शहरात न्यावे, अशी ती योजना. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी तिला पाठबळ दिले, १८५६ मध्ये कामास हात घातला गेला आणि १८६० मध्ये विहारचे पाणी मुंबईस पोचले. मुख्य बांध सुमारे ८४ फूट उंचीचा होता. मधल्या काळात १८५७ चे बंड होऊन गेले, पण हे काम थांबले नाही.

या घटनेचा खरा अर्थ त्या वेळी थोड्यांच्या ध्यानात आला असेल. मुंबईने प्रथमच आपल्या बेटाबाहेरच्या भूमीचे पाणी घेतले. तेथून पुढे तिची तहान आणि तिचा जलाशय यांमधील अंतर उत्तरोत्तर वाढतच जावयाचे होते. विहारचे पाणी दहा वर्षांतच अपुरे पडू लागले. त्याच्या वरच्या अंगास तुळशीचा तलाव बांधण्यात आला आणि तो १८७९ मध्ये पुरा झाला. हे दोन्ही तलाव आजही वापरात आहेत. पण मुंबईस रोज लागणाऱ्या पाण्यात त्यांचा मिळून वाटा शंभरात तीनही भरत नाही.

मग त्यांचे महत्त्व काय? ते पाण्याइतकेच भोवतालच्या झाडीत आहे. तलाव स्वच्छ राखावयाचा तर त्यात ज्या उतारांवरून पाणी येते तेथे वस्ती, शेती, गुरेचराई यांस आळा घालणे आणि झाडी राखणे क्रमप्राप्त होते. झाडी नसेल तर माती वाहून येते आणि तळ उथळ होतो, हे अभियंत्यांस ठाऊक होते. म्हणून पाणलोटातील डोंगर राखले गेले, आणि पुढे विसाव्या शतकात तेच राष्ट्रीय उद्यानाचे अंतरंग ठरले. मुंबईच्या वेशीवर बिबळ्या आजही नांदतो याचे श्रेय पुष्कळ अंशी पिण्याच्या पाण्याला आहे. अरण्याने पाणी राखले हे सर्वच सांगतात. पाण्याने अरण्य राखले हेही तितकेच खरे. विहार व तुळशी यांच्या काठावर अनुमतीवाचून कोणास जाता येत नाही. दुरून पाहूनच परतावे लागते, याचा सायकलस्वाराने खेद मानू नये. तो निर्बंध आहे म्हणूनच पाहण्यास काही शिल्लक आहे.

असा निर्बंध सैल झाला तर काय होते याचे उत्तर विहारच्या दक्षिणेस पवई तलावाजवळ मिळते. पवईचा बांध १८९१ च्या सुमारास घाईने पुरा करण्यात आला, पण त्याचे पाणी पिण्यास योग्य ठरले नाही. पिण्याचे पाणी नाही म्हणून पाणलोट राखण्याची निकडही राहिली नाही; कालांतराने काठावर वसाहती उठल्या, सांडपाणी आले, जलपर्णी माजली. अलीकडे मुंबई महापालिकेने या तलावाच्या काठाने सायकलींसाठी मार्ग बांधावयास घेतला. हेतू वरकरणी चांगलाच. नागरिकांनी तलाव पाहावा, व्यायाम करावा, धूर ओकणारी वाहने टाळावीत. परंतु मार्गासाठी भराव पडू लागला तो पाण्याच्या कडेलाच, जेथे मगरी ऊन खावयास येतात आणि पक्षी वीण घालतात. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. ६ मे २०२२ रोजी न्यायालयाने ते बांधकाम पाणथळ भूमीच्या नियमांविरुद्ध असल्याचा निर्णय दिला आणि ते काढून टाकून जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. तलाव पाहण्याची वाट तलाव बुजवून करता येत नाही, एवढी साधी गोष्ट सांगावयास न्यायपीठाची गरज लागली.

पवईहून उत्तरेस वळल्यावर विहारच्याच शेजारी भांडुपचे जलशुद्धीकरण केंद्र येते. तानसा व वैतरणा यांचे पाणी येथे निवळते, गाळले जाते आणि मग शहरात जाते. येथून मुलुंडकडे जाताना नळांची सोबत पुन्हा सुरू होते. या नळांलगतही सायकलींचा ३९ किलोमीटरांचा मार्ग करण्याचा संकल्प महापालिकेने २०१८ च्या सुमारास केला. त्यासाठी मोकळी जागा मिळाली तिचा इतिहास मात्र सुखाचा नाही. नळांच्या दोन्ही बाजूंस दहा-दहा मीटर जागा सुरक्षिततेसाठी मोकळी असावी असा आदेश उच्च न्यायालयाने दिला होता. त्यानुसार नळांच्या आधाराने वर्षानुवर्षे राहिलेली हजारो कुटुंबे हलविण्यात आली. त्यांतील पुष्कळांस माहुल येथील वसाहतीत जागा मिळाली, आणि तेथील दूषित हवेविषयी त्यांना पुन्हा न्यायालयाचेच दार ठोठवावे लागले. नळ सुरक्षित असावयास हवेत यात शंका नाही. पण त्या वाटेने सायकल हाकणाऱ्यास, आपल्या चाकाखालची जमीन काल कोणाचे तरी घर होती, याचे भान असलेले बरे.

मुलुंड, ठाणे व खाडी ओलांडून स्वार पुन्हा भिवंडीत येतो, आणि आता दुसऱ्या टोकाकडे तोंड करतो. आग्रा रस्त्याने पडघा, शहापूर, आटगाव अशी ही वाट आहे. आटगावाहून महामार्ग सोडून आत शिरले की झाडी दाट होऊ लागते आणि अखेरीस तानसाचे धरण समोर येते. नळांलगतचा सेवारस्ता महापालिकेच्या ताब्यात असतो व त्यावर जावयास तिची अनुमती लागते. म्हणून सामान्य स्वाराने सार्वजनिक रस्ताच धरावा. वाटेत नळ कधी डावीकडे, कधी उजवीकडे दिसतात, मध्येच दिसेनासे होतात. रस्ता एकंदरीत चढाचा आहे. ज्या वाटेने पाणी विनासायास खाली जाते त्याच वाटेने मनुष्यास घाम गाळीत वर जावे लागते. आणि नेमके येथेच तानसाच्या योजनेचे मर्म सायकलस्वाराच्या अंगी उतरते.

१८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती आठ लाखांच्या पुढे गेली होती. विहार-तुळशीच्या डोंगरांत आता नवीन जलाशयास पुरेशी जागा नव्हती. १८७० नंतर हेक्टर टुलॉक यांनी दूरच्या नद्यांची पाहणी केली होती. तिच्यातून तानसा नदीचे नाव पुढे आले आणि डब्ल्यू. जे. बी. क्लार्क या अभियंत्याने धरणाची आखणी केली. दगड-चुन्याची ही भिंत सुमारे पावणेदोन मैल लांब आहे. त्या काळी दगडी बांधकामाच्या अत्यंत मोठ्या धरणांत तिची गणना होत असे. १८९२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या हस्ते योजनेचे उद्‌घाटन झाले. पुढे १९१५, १९२५ आणि १९४८ अशा टप्प्यांनी ती वाढविण्यात आली.

या योजनेत विशेष कौतुकाची गोष्ट ही की पाणी मुंबईस पोचविण्यास कोठेही पंप लागत नव्हता. जलाशयाची पातळी समुद्रापासून सुमारे शंभर मीटर उंचीवर आहे आणि मुंबई समुद्रकाठी. पन्नासहून अधिक मैलांच्या वाटेत उतार अगदी हिशेबाने वाटून दिला की पाणी आपल्याच वजनाने चालू लागते. डोंगर आडवा आला तेथे बोगदा खोदला, सपाटी मिळाली तेथे दगडी पाट बांधला, आणि दरी आली तेथे नळ दरीत उतरवून पुन्हा वर चढविला. बंद नळातील पाणी मुळातल्या पातळीकडे धाव घेते, म्हणून ते दरीच्या तळाशी जाऊनही पलीकडचा चढ चढते. नळाच्या उंच माथ्यांवर अडकलेली हवा सोडण्यासाठी झडपा असतात, आणि सखल जागी गाळ काढून टाकण्यासाठी दारे असतात. पहिला नळ ४८ इंच व्यासाचा होता. १९२५ च्या टप्प्यात ७२ इंच व्यासाचे पोलादी नळ आले. मलबार टेकडीवर फिरोजशहा मेहता उद्यानाच्या हिरवळीखाली पाण्याची टाकी दडलेली आहे. तेथे हवा खावयास जाणाऱ्या कितीजणांस पायांखालच्या पाण्याचा हा प्रवास ठाऊक असेल?

तानसाच्या भोवतालचे अरण्य १९७० मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याचा विस्तार सुमारे ३२० चौरस किलोमीटर आहे. येथेही इतिहासाची पुनरावृत्तीच दिसते. प्रथम धरण, मग धरणासाठी राखलेले पाणलोट, आणि त्यातून पुढे वन्यपशूंचे आश्रयस्थान. साग, ऐन, खैर, हेद, मोह, पळस यांच्या या रानात २०१४ मध्ये रानपिंगळा दिसला. हे लहानसे घुबड शतकभर नाहीसे झाले असे पक्षिशास्त्रज्ञ मानीत होते; १९९७ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याकडे ते पुन्हा सापडले, आणि मुंबईपासून इतक्या जवळ त्याचे दर्शन होईल अशी अपेक्षा कोणी केली नव्हती. शहराच्या नळाने नकळत एका पक्ष्याचे घर सांभाळले होते.

तानसानेही मुंबईची तहान पुरी झाली नाही. महापालिकेचे अभियंते एन. व्ही. मोडक यांच्या योजनेप्रमाणे वैतरणा नदीवर धरण झाले आणि १९५७ मध्ये त्याचे पाणी आले. त्या जलाशयास पुढे मोडकसागर असे नाव मिळाले. १९७३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील ऊर्ध्व वैतरणा, नंतर शहापूर तालुक्यातील भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा अशी भर पडत गेली. भातसाचे पाणी नदीच्या पात्रातूनच खाली येते, आणि भिवंडी तालुक्यातील पिसे येथे बंधाऱ्याने अडवून, पंपाने उचलून, पांजरापूर येथे शुद्ध केले जाते. म्हणजे तानसाच्या अभियंत्यांनी ज्या उतारावर सारी भिस्त ठेवली तो उतार येथे संपला, आणि विजेचे बळ लागू लागले. मुंबईच्या सात जलाशयांपैकी केवळ दोन आज तिच्या हद्दीत आहेत. बाकीचे पाच ठाणे व नाशिक या जिल्ह्यांच्या डोंगरांत आहेत.

आणि हे डोंगर ओसाड नव्हते. तेथे वारली, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांचे पाडे होते व आहेत. तळाशी गेलेली भातशेती त्यांचीच होती. ज्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा आहेत त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरने पाणी न्यावे लागते, हे वृत्त दरसाल वर्तमानपत्रांत येते व दरसाल विसरले जाते. कारण शोधावयास फार दूर जावयास नको. धरण खोऱ्यात असते आणि पाडा टेकडीवर असतो. पाण्याला खाली जाण्यासाठी नळ मिळाला, वर चढण्यासाठी मिळाला नाही. शंभर मीटरांचा उतार मुंबईच्या उपयोगी पडला, आणि पन्नास मीटरांचा चढ पाड्याच्या आड आला. रस्त्याने जाताना एखाद्या झडपेतून पाणी ठिबकताना दिसते आणि त्याखाली कोणा बाईने हंडा लावलेला असतो. नळ तिच्या दारावरून जातो, पण तिच्या वाट्यास त्याची गळती तेवढी येते.

हा प्रश्न केवळ मागचा नाही. वैतरणेची उपनदी गारगाई हिच्यावर मुंबईसाठी आणखी एक धरण बांधण्याची योजना पुष्कळ वर्षांपासून चर्चेत आहे. ते झाले तर तानसा अभयारण्यातील झाडीचा मोठा भाग आणि काही गावे पाण्याखाली जातील. एके काळी धरणाने अरण्य राखले. आता धरणासाठीच राखलेले अरण्य बुडवावे काय, असा पेच आहे. शहरास पाणी हवे हे नाकारता येणार नाही. परंतु जुने नळ किती गळतात, सांडपाणी पुन्हा वापरात आणता येते की नाही, प्रत्येक घरी पाण्याचा उपयोग किती व अपव्यय किती, या प्रश्नांची उत्तरे आधी दिल्यावाचून पाचव्या-सहाव्या खोऱ्याकडे बोट दाखविणे न्यायाचे ठरेल काय, याचा विचार तोटीजवळ उभ्या असलेल्या प्रत्येकाने करावयास हवा.

परतीच्या वाटेस उतार असतो. आटगावहून भिवंडीकडे येताना सायकल फारसे पाय न मारताही पुष्कळ अंतर काटते. पाण्याप्रमाणेच तीही आपल्या वजनाने धावते. संध्याकाळच्या सुमारास कामतघरला पोचावे आणि वऱ्हाळा देवीच्या तलावाच्या काठी क्षणभर थांबावे. तलाव आता वस्तीने वेढलेला आहे, त्याचे पाणी पूर्वीइतके निर्मळ नाही, आणि भिवंडीलाही बाहेरून पाणी घ्यावे लागते. तरीही त्याच्यापाशी एक जुना गुण शिल्लक आहे. त्याचे पाणी किती उरले आहे हे काठावरच्या पोरासही सांगता येते. तानसाची किंवा वैतरणेची पातळी मुंबईस आकड्यांत कळते, डोळ्यांनी कळत नाही. डोळ्यांआड गेलेल्या गोष्टीची चाड राहणे कठीण असते. नळाच्या वाटेने एकदा सायकलीवर जाऊन आलेल्या मनुष्यास निदान एवढे लाभते की पुढल्या सकाळी तोटी फिरविताना त्याला पाण्याच्या आवाजामागे एक लांब भिंत, तिच्यामागचे रान आणि त्या रानाच्या कडेला हंडा घेऊन थांबलेली बाई दिसते; आणि तांब्या भरताच त्याचा हात तोटी बंद करावयास आपोआप पुढे होतो.